आणि मंडळी

या, असे जवळ सरकून बसा. बुवांचं जेवण अजून चाललं आहे, विणेकरी तारा जुळवतो आहे, म्हणजे कीर्तन उभं राहायला घटकाभर तरी अवकाश आहे. एकदा बुवांनी अभंग उचलला की माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही. तेव्हा आहे तो वेळ कारणी लावू. मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. तीत देव आहे, पण मी जिथं बसवला होता तिथं तो नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी इथलाच, फुलसावंगीचा. मला किसनराव म्हणतात. घरचं वावर आहे, कापूस आणि तूर पिकते, आणि बाराव्या वर्षापासून या देवळात बुवांच्या मागं टाळकरी म्हणून उभा आहे. छप्पन सालच्या माघात सप्ताह बसला होता. चौथ्या दिवसाचं कीर्तन, बुवा गोड गळ्याचे, मंडप डोलत होता. आणि माझा टाळ चुकला. एकदा चुकला, दोनदा चुकला, शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. चुकत होता तो एका माणसामुळे. खांबाला टेकून एक जण बसला होता, नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा, डोक्याला लाल फेटा. तो दोन बोटांनी मांडीवर ठेका धरत होता. पण आमचा टाळ पडायचा तेव्हा त्याची बोटं वर, आणि आमचे हात वर गेले की त्याची बोटं खाली. कितीही मन आवरलं तरी डोळा तिकडेच जाई.

कीर्तन सुटल्यावर बुक्का लावायच्या निमित्तानं मी त्याला गाठलं. म्हटलं, भाऊ, तुमचा ठेका चुकत होता, आम्हाला त्रास झाला.

तो रागावला नाही. डावा कान माझ्याकडे करून त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चुकला नाई, भिया. तुमी जिथं पाय ठेवता, तिथून मी उचलतो. दोघं मिळून चालते."

भिया म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भाऊ. त्याचं नाव पूनमसिंग. त्या दिवसापासून तो मला भियाच म्हणत आला. जाताना म्हणाला, रविवारी बाजार करून तांड्यावर या, माझ्या घरीही कीर्तन असतं, फक्त बुवा दिसत नाहीत.

मी गेलो. खरं सांगू का, जरा घाबरतच गेलो. परका देव असेल, मटण असेल, काय असेल कोण जाणे. तर त्यानं मला कापसाच्या खोलीत नेलं. वेचणी संपत आली होती, खोली छातीपर्यंत कापसानं भरलेली, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. तिथं एक काळी पेटी होती. झाकण उघडलं तर आत फोनो, चावीचा. दुसऱ्या महायुद्धात पूनमसिंग पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. कलकत्त्याला असताना घरी परतणाऱ्या एका अमेरिकन शिपायाकडून त्यानं ही पेटी आणि अकरा तबकड्या घेतल्या होत्या. पोलादी सुया केव्हाच संपलेल्या. त्याची बायको लालीबाई बाभळीचे काटे आणून ठेवायची, हिरवे नाहीत, झाडावरच वाळून पांढरे पडलेले. पूनमसिंग पात्यानं काट्याचं बूड कापायचा, टोक तिरपं तासायचा आणि सुईच्या जागी बसवायचा. एका बाजूला एक काटा. बाजू संपली की काटा चुलीत.

"पोलादाची सुई तबकडीले खरवडते," तो म्हणाला. "काटा स्वतः झिजते, तिले झिजू देत नाई."

पहिली तबकडी लागली आणि मला वाटलं, ढाणकीच्या बाजारात दोन पोपटवाले भांडताहेत. हे कोणतं संगीत म्हणून विचारलं, तर त्यानं सांगितलं, जाझ. आगबोटीतून आलेल्या काळ्या शिपायांकडून तो ते शिकला होता. मी मनात नामस्मरण सुरू केलं. दुसऱ्यांदा तीच बाजू लागली तेव्हा मात्र कान उभे राहिले. आधी तुतारीनं एक ओळ सरळ वाजवली, कुणालाही गुणगुणता येईल अशी. मग दुसऱ्या वाद्यानं तीच ओळ घेतली, पण वाकवून, तिला आडवाटेनं नेऊन. मग तिसऱ्यानं. शेवटी सगळे मिळून पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

मी उठून बसलो. आमचे बुवा दुसरं काय करतात? एक अभंग घेतात. एकेक चरण उलगडतात. दृष्टांतात शिरतात, तिथून एखाद्या कथेत, कथेतून थट्टेत, आणि आपल्याला वाटतं की विसरले, आता काही हे परत येत नाहीत. नेमकं तेव्हा ते धृपदावर येतात, आणि आपले टाळ आपोआप उठतात. मी हे सगळं पूनमसिंगला सांगितलं. तो बराच वेळ हातातला काटा फिरवत राहिला.

"धा वर्षं झाली," तो म्हणाला, "घरच्याले, तांड्याले, कोनालेच हे समजावता आलं नाई मले. तुमी एका बसनीत सांगतलं."

मग दर रविवारची बैठकच ठरली. तो सप्ताहात कीर्तनाला येई, चांगला कान बुवांकडे करून बसे. मी बाजार उरकून तांड्यावर जाई. पुढं आम्ही तिघे झालो. पुसदच्या एका लग्नाच्या बँडमध्ये गोविंदा नावाचा क्लॅरिनेटवाला होता. वरातीत तो आमच्या गावी आला, आणि पूनमसिंगनं त्याला भर रस्त्यात, नवरदेव घोड्यावर ताटकळत असताना, थांबवून विचारलं की क्लॅरिनेटच्या तोंडाला पत्ती कुठली लावतोस. त्यानंतर लग्नाचे मुहूर्त नसले की गोविंदा एसटीनं येऊ लागला, काखेत वाद्य आणि अंगात बँडचा लाल कोट, कारण दुसरा कोट त्याच्याकडे नव्हता. मला तो महाराज म्हणायचा. आल्या आल्या विचारायचा, काय महाराज, आज कोणता अध्याय?

तबकड्यांवरची इंग्रजी अक्षरं आम्हा तिघांनाही वाचता येत नव्हती. म्हणून वाजवणाऱ्यांना आम्हीच नावं ठेवली. एक तुतारीवाला होता, त्याची तुतारी हसल्यासारखी वाजे, तो हसरा. एक बाई गायची, दिवेलागणीला अंगणात एकटीच बसल्यासारखी, ती सांजवेळची. पियानोवाला एक जण पायऱ्या उतरावा तसा एकेक सूर खाली उतरायचा आणि शेवटच्या पायरीवर थांबायचा, तो घाटावरचा. माझा जीव घाटावरच्यावर. गोविंदाचा सांजवेळचीवर. त्यावरून वाद व्हायचे. गोविंदा म्हणायचा, महाराजांचा पियानोवाला पाण्यात पाय घालायला भितो. मी म्हणायचो, तुझी बाई दिवा लावत नाही, नुसती अंधाराला दोष देत बसते. लालीबाई चहा ठेवता ठेवता म्हणायची, भांडा, भांडा, ते तिकडं सातासमुद्रापार आहेत, त्यांना काय ठाऊक यांनी इथं कापसात वाटणी घातली.

तो कापूसही आमच्यात सामील होता, बरं का. खोली भरलेली असली की सूर कापसात मुरायचा, कानाशी कुणी हळू बोलावं तसा लागायचा. गाड्या भरून माल गेला की तीच तबकडी रिकाम्या खोलीत आदळआपट करी. म्हणून चांगल्या तबकड्या हिवाळ्यात आणि भांडखोर उन्हाळ्यात, असा आमचा नेमच झाला.

एकदा तबकड्यांची पुठ्ठ्याची पेटी आवरताना मी पाहिलं, की तिला कप्पे बारा आणि तबकड्या अकरा. बाराव्या कप्प्यात काय होतं, म्हणून विचारलं.

"तिथं मी हाय," पूनमसिंग म्हणाला.

त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. कलकत्त्याच्या एका हॉटेलात गोव्याचा एक मास्तर पियानोवर बसे, त्याची मंडळी होती. त्यांचा क्लॅरिनेटवाला आजारी पडला, म्हणून पलटणीच्या साहेबाच्या परवानगीनं पूनमसिंग महिनाभर तिथं वाजवायला जाई. शेवटच्या आठवड्यात मास्तरनं त्याला एका सकाळी ध्वनिमुद्रणाला नेलं. एक बाजू, तीन मिनिटं. आधी तुतारी, मग पियानो, मग क्लॅरिनेट, मग सगळे. दोनच दिवसांनी पलटण आसामात गेली. तिथं बाँबच्या आवाजानं त्याचा उजवा कान गेला. ती तबकडी निघाल्याचं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं, पण तबकडी कधी ऐकली नाही. परत आल्यावर दमा लागला, क्लॅरिनेट सुटलं. आता डावा कानही मंद होत चालला होता. पुसदच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष जाईल, दोन जातील, फार नाही.

आपली पाळी त्याला तोंडपाठ होती. तो ती गोविंदाला गाऊन दाखवायचा, गोविंदा वाजवायचा. आम्हाला वाटायचं, वा, हेच असणार. पूनमसिंग डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. म्हणायचा, असं नव्हतं. पुन्हा गायचा. गाता गाता मधेच थांबून एकदा म्हणाला, "कान जायच्या आधी एकडाव आयकाचं हाय, भिया. मी तसं वाजोलं होतं का, एवढंच. मंग गेले तरी चालतीन."

तेव्हापासून माझ्या जपात एक माळ त्या तबकडीची असे. हसू नका. मागण्यासारखं माणसाला जे मिळतं तेच तो मागतो.

आम्ही पत्रं लिहिली. मी सांगायचो, शाळेचे हेडमास्तर इंग्रजीत उतरवायचे. कलकत्त्याच्या तबकड्यांच्या दुकानांना लिहिलं, त्या हॉटेलला लिहिलं. एकाचं उत्तर आलं, की असा माल आता निघत नाही. बाकी काही नाही. दोन वर्षं गेली. पूनमसिंगशी बोलताना आम्ही नकळत आवाज चढवू लागलो होतो. मग गोविंदाला सुचलं. त्यांच्या बँडची वाद्यं कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडून येत. नव्या भोंग्याची मागणी गेली त्या पाकिटात त्यानं आमची चिठ्ठी घातली, की गोव्याचे अमुक मास्तर ठाऊक असतील तर पोचवा. आणि ती पोचली.

साठ सालच्या चैत्रात पार्सल आलं. तांड्यावर टपाल जात नसे, म्हणून पत्ता माझा दिलेला. गावात सगळे महिन्याभरात होणाऱ्या नव्या राज्याच्या गप्पा करत होते, आणि मी पोस्टातून ते लाकडी खोकं छातीशी धरून घरी आलो, लेकरू आणावं तसं. पण पूनमसिंग घरी नव्हता. तांडाच्या तांडा बैलगाड्या जुंपून पोहरादेवीला रामनवमीच्या जत्रेला गेला होता, परतायला आठ दिवस होते. फुटली तर नाही ना, एवढंच पाहू म्हणून मी खोकं उघडलं. पेंढा, त्यात कापड, कापडात तबकडी, अखंड, काळीभोर, आरशासारखी. सोबत इंग्रजी पत्र. हेडमास्तर सुटीवर गावी गेलेले.

आता ऐका, मी काय केलं ते. कुणाचा तरी फोनो मागून आणून ती वाजवायचा मोह मी आवरला. पहिलं ऐकणं पूनमसिंगचं. पण आमच्या घरी नवं काही आलं, मग ती ज्वारीची पहिली पाटी असो की पोथी, की ती आधी देवापुढं ठेवायची, मग हाताळायची. टाळाची नवी जोडीसुद्धा मी देवापुढं रात्रभर ठेवल्याशिवाय वाजवली नाही. रामाचं नवरात्र बसलेलं, देवघरात अखंड दिवा. मी तबकडी देव्हाऱ्याच्या भिंतीला टेकवून उभी केली, समईशेजारी, तिच्यावर तुळशीपत्र ठेवलं, पत्र खाली ठेवलं. मनात म्हटलं, देवा, आठ दिवस तू सांभाळ.

माझी बायको मैनाबाई तेल घालायला जायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, अहो, तुमची ती थाळी नमस्कार करते आहे. मी धावत गेलो. समईकडची कड पुढं झुकली होती, तव्यावर पापडाची कड उचलते तशी. बोट लावलं तर ऊन लागली. मी ती उचलून दिव्यापासून लांब ठेवली, पण कड वाकलेलीच राहिली.

हेडमास्तर परतल्यावर मी पत्र घेऊन गेलो. त्यांनी वाचलं. गोव्याच्या मास्तरनं लिहिलं होतं, की तो मुलगा जिवंत आहे हे वाचून मी शिकवणी बंद करून घरी आलो. ही माझी स्वतःची प्रत आहे, दुसरी कुठं उरली असेल असं वाटत नाही. हिला आचेपासून जपा.

नवरात्राचे उरलेले दिवस मी कसे काढले ते रामालाच ठाऊक. रामनवमीचं कीर्तन झालं, जन्माचा पाळणा झाला, पहिल्यांदाच माझं त्यात लक्ष लागलं नाही.

तांडा परतला त्या दिवशी मी फडक्यात गुंडाळलेली तबकडी घेऊन गेलो आणि उंबऱ्यात उभा राहूनच सगळं सांगितलं. पूनमसिंगला ऐकू यावं म्हणून ते मोठ्यानं सांगावं लागलं. आपला अपराध असा ओरडून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. त्यानं तबकडी घेतली. दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर आडवी धरून वाकलेली कड पाहिली.

आधी बोलली ती लालीबाई. "तुमच्या देवाले इतकी आवडली का, भाऊ, की त्यानं चावून पाह्यली?"

आणि पूनमसिंग हसला. त्याच्या हसण्यानं माझे डोळे भरून आले, कारण ते मला सावरण्यासाठी हसलेलं होतं. त्यानं काटा तासला, तबकडी लावून पाहिली. काटा त्या कडेवर चढला आणि उडून बाहेर पडला. पुन्हा लावला, पुन्हा उडाला. मग त्यानं चावी सोडून दिली, आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पुसदला गोविंदाच्या दारात. त्यानं ऐकलं आणि कधी नव्हे ते महाराज म्हणाला नाही. किसनराव, म्हणाला, दोन काचा लागतील, सपाट, तबकडीहून मोठ्या. आमच्या बँडमालकाची एक अशीच सरळ केली होती. दोन काचांच्या मधे ठेवायची आणि उन्हात मांडायची, पण समोर बसून राहायचं, पापणी लवली की गेली.

फुलसावंगीत एवढ्या काचा कुठून आणायच्या? माझ्या देवघरात दोन मोठ्या तसबिरी होत्या, एक विठोबा-रखुमाईची, एक रामपंचायतनाची, माझ्या वडिलांनी आणलेल्या. मी घरी आलो, आंघोळ केली, हात जोडले आणि चौकटींचे खिळे उपसले. मैनाबाई पाहत होती. म्हणाली, देव उघडे ठेवता का? मी म्हटलं, चैत्र आहे, त्यांनाही वारा लागू दे. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून काचा पुसून दिल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या सुमाराला पूनमसिंगच्या अंगणात खाटेवर खालची काच, तिच्यावर तबकडी, वर दुसरी काच. आम्ही चौघं भोवती. आमच्या भागातलं चैत्राचं ऊन तुम्हाला सांगायला नको. साडेदहाला काचेवर हात ठेवता येईना. विठोबाच्या काचेखाली ती काळी थाळी आणि तिची उचललेली कड. मग कड जराशी खाली बसली. आणखी जराशी. लालीबाई म्हणाली, निजली. गोविंदानं झटकन खाट उचलायला लावली, सावलीत नेली, वर पाटा ठेवला. दुपारपर्यंत तिला थंड होऊ दिलं.

खोली रिकामी होती, कापूस केव्हाच गेलेला. लालीबाईनं घरातल्या सगळ्या गोधड्या आणि काचकवड्यांची जुनी झूल काढून भिंतींना लटकवली, म्हणजे आवाज आदळणार नाही. पूनमसिंगनं नवा काटा तासला. त्यानं डावा कान पेटीच्या तोंडाशी नेला.

तबकडी पूर्ण सरळ झाली नव्हती. सुरुवातीला फेऱ्यागणिक काटा एका जागी उचलला जाई आणि टक वाजे. टक, टक, टक. वीस-बावीस फेरे तसे गेले. काटा उडाला नाही. तुतारीची ओळ त्या ठोक्यांतून चालत बाहेर आली, मग ठोके विरले. मग पियानो आला. गोविंदानं माझा दंड धरला होता. पियानोची पाळी संपली आणि तिथं काहीच वाजलं नाही. एक मात्रा रिकामी. मग कुणीतरी छाती भरून दम घेतला, तो स्पष्ट ऐकू आला, आणि क्लॅरिनेट सुरू झालं. साधं, थोडं, एखादा नवा जावई पंगतीत बोलावा तसं सांभाळून. बघता बघता संपलंही. मग सगळे मिळून मूळ ओळीवर आले.

पूनमसिंगनं काटा बदलून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग तो भिंतीला टेकला.

"उशिरा शिरलो मी," तो म्हणाला. "सोळा वर्षं मनात बराबर टायमावर शिरून राह्यलो होतो."

गोविंदानं विचारलं, मग तुम्ही मला शिकवलं ते कोणतं?

"ते मागून वाढलं. वावरात, बैलामागं चालतानी." मग तो म्हणाला, "हे त्या पोराचं हाय. त्याचं त्याले राहू दे. तू वाढलेलं वाजव."

लालीबाई दारात बसली होती. तिचं लग्न लढाईनंतरचं. ती तबकडीकडे पाहत म्हणाली, "तो दम घेनारा पोरगा मले कधी भेटला नाई." आणि उठून गोधड्या काढायला लागली.

त्या वर्षीच्या आणि पुढच्या हिवाळ्यात आम्ही ती तबकडी कापसात बसून ऐकली. हळूहळू पूनमसिंगला ऐकू येईना झालं. बासष्टच्या दसऱ्याला मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन राम राम म्हटलं तर त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. मला वाटलं, बैठक संपली. पण रविवारी त्यानंच पेटी काढली. काटा बसवला आणि पेटीच्या लाकडावर तळवा टेकवून बसला. माझ्या दिव्यानं वाकवलेल्या त्या कडेवर काटा टक टक उचलला जाऊ लागला, ते त्याला हाताला कळत होतं. तो ठोके मोजायचा. ठोके विरले की तुतारीच्या मात्रा मोजायचा, मग पियानोच्या, मांडीवर दोन बोटांनी, आमचे हात वर असताना त्याची बोटं खाली. आणि बरोबर त्या रिकाम्या मात्रेला तोंड वर करून छाती भरून दम घ्यायचा. एकदाही चुकला नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाही आणि मला देवघर आठवे, पण आता नुसती शरम वाटत नसे.

गेल्या पावसाळ्यात तो तापानं गेला. तांड्यावर त्याला नेताना गोविंदा लाल कोट घालून आला आणि मागून वाढलेलं ते सगळं वाजवत नाल्यापर्यंत चालला. तबकडी लालीबाईकडे आहे, बाराव्या कप्प्यात. रविवारी मी गेलो की ती स्वतः काटा तासते. देवांच्या काचा मी परत बसवल्या. एका कोपऱ्याला उन्हाची पिवळट रेघ राहिली आहे, ती रखुमाईच्या पायाशी येते. पुसली नाही मी.

उठा, बुवा आले. वीणा पुढं झाली. मलाही आता मागं उभं राहायला हवं. पण एक लक्षात असू द्या. त्या तबकडीवरचं नाव मी नंतर हेडमास्तरांकडून वाचवून घेतलं. वर मोठ्या अक्षरात त्या गोव्याच्या मास्तराचं नाव आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, आणि त्याची मंडळी. बस, एवढंच. तर आज बुवा धृपदावर येतील, आम्ही टाळ उचलू, आणि दोन ठोक्यांच्या मधे जरा जागा रिकामी राहील, तेव्हा खांबापाशी तो बसत असे तिकडे एकदा पाहा, आणि माझ्या पूनमसिंगची आठवण काढा.